वाचकांचे प्रश्न : इनहेलरवरचा आळ आणि फुफ्फुसातील गुठळी

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. त्यांना तरुणपणापासून दमा असून गेली सहा वर्षे त्या बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल ही दोन औषधे एकत्र असलेला इनहेलर सकाळ-संध्याकाळ घेतात. दिवाळीनंतर थंडी वाढली तेव्हा त्यांना दम्याचा मोठा झटका आला. रुग्णालयात ठेवावे लागले, घरी सोडल्यावरही काही दिवस प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या, आणि अशक्तपणामुळे त्या तीन-एक आठवडे जवळजवळ अंथरुणावरच होत्या. त्यानंतर एके सकाळी न्हाणीघरापर्यंत जातानाच त्यांना एकाएकी धाप लागली. पंप घेऊनही ती कमी होईना, म्हणून पुन्हा रुग्णालयात नेले, तेव्हा सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात रक्ताची गुठळी दिसली. आता रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू आहेत आणि प्रकृती सुधारत आहे. माझ्या दिरांनी इंटरनेटवर शोधले, तर याच औषधाच्या ‘नोंदवलेल्या दुष्परिणामां’त फुफ्फुसातील गुठळी असल्याचे त्यांना आढळले. इनहेलर ताबडतोब बंद करावा, असे त्यांचे म्हणणे आहे. डॉक्टर मात्र चालू ठेवा म्हणतात. आम्ही काय करावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांचे ऐकावे आणि इनहेलर एक वेळही चुकवू नये. आपल्या दिरांनी जे वाचले ते खोटे नाही. तशा नोंदी खरोखरच आहेत. परंतु त्या नोंदींवरून त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर नाही, आणि तो का बरोबर नाही हे नीट समजून घेणे आपल्या सासूबाईंच्या पुढच्या उपचारांसाठीही उपयोगाचे आहे.

ज्याला वैद्यकीय भाषेत पल्मनरी एम्बॉलिझम म्हणतात, त्या आजारात गुठळी बहुधा फुफ्फुसात तयार झालेलीच नसते. ती पोटरीच्या, मांडीच्या किंवा ओटीपोटाच्या खोल शिरांमध्ये तयार होते, तिथून सुटते, हृदयाच्या उजव्या भागातून पुढे जाते आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुडॉल्फ व्हिर्शो या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने हा प्रवास दाखवून दिला. शिरांमध्ये गुठळी होण्याची तीन कारणे आजही त्याच्याच नावाने शिकवली जातात : रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि खुद्द रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. आपल्या पत्राकडे या दृष्टीने पाहिले, तर तीन आठवडे अंथरुणाला खिळून राहिल्याने पायांतील प्रवाह मंदावला होता, तीव्र झटक्याची दाहक अवस्था आणि स्टिरॉइडच्या गोळ्या यांनी रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढवली असण्याची दाट शक्यता होती, आणि वय साठीच्या पुढचे होते. ज्या इनहेलरवर आळ आला आहे तो मात्र सहा वर्षे चालू होता, आणि त्या सहा वर्षांत अशी गुठळी झाल्याचे आपण लिहिलेले नाही.

आता नोंदींविषयी. औषध बाजारात आल्यानंतर त्याच्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था जगभर उभी राहिली ती थॅलिडोमाइडच्या दुर्घटनेनंतर. गर्भवती स्त्रियांना दिलेल्या त्या औषधामुळे हजारो मुले अवयवांची व्यंगे घेऊन जन्माला आली. त्यानंतर १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी देशोदेशींहून एकत्र करण्यास सुरुवात केली, आणि हे काम आज स्वीडनमधील उप्साला येथील केंद्रातून चालते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची स्वतःची वेगळी नोंदवही आहे, आणि इंटरनेटवरील ‘नोंदवलेल्या दुष्परिणामां’च्या याद्या बहुतेक वेळा तिच्यावरूनच तयार केलेल्या असतात. या नोंदवहीत डॉक्टर, औषधविक्रेता, रुग्ण, त्याचे नातेवाईक, असे कोणीही लिहू शकते. नोंद ग्राह्य धरण्यासाठी एक रुग्ण, एक नोंद करणारा, एक संशयित औषध आणि एक घडलेला त्रास एवढ्या चार गोष्टी पुरतात. त्रास त्या औषधानेच झाला, हे सिद्ध करण्याची अट नाही, आणि ती नसणेच योग्य आहे, कारण पुराव्याची वाट पाहत बसल्यास थॅलिडोमाइडसारखे प्रकार वेळेवर लक्षातच येणार नाहीत. पोलीस ठाण्यात दाखल झालेल्या पहिल्या खबरीचे जे स्थान, तेच या नोंदीचे : तिच्यावरून तपास सुरू होतो, शिक्षा सुनावली जात नाही.

या याद्यांमध्ये आणखीही काही गफलती होतात. एकाच रुग्णाची नोंद डॉक्टराने आणि कंपनीने अशी दोनदा होऊ शकते. काही संकेतस्थळे संशयित औषध आणि रुग्ण त्याच वेळी घेत असलेली इतर औषधे यांत भेद न करता सगळ्यांची गोळाबेरीज करून दाखवतात. शिवाय एकूण किती लोक ते औषध घेतात, हा आकडा त्या यादीत नसतोच, आणि तो नसेल तर धोका किती हे काढता येत नाही. हाच इनहेलर सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराच्या, रुग्णांनाही दिला जातो. ते बहुधा वयस्कर असतात. त्यांतील अनेकांनी वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेली असते किंवा चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेला असतो, आणि त्यांचा मूळ आजारच शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढवतो. असे लाखो लोक जे औषध रोज घेतात, त्यांतील काहींना त्या काळात फुफ्फुसात गुठळी होणारच, आणि त्यांच्या औषधांच्या यादीत इनहेलर असणारच.

मग तपासातून काय निघाले? नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ साली ६४८ दमेकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीव्र दमा असलेल्यांमध्ये फुफ्फुसातील गुठळीचे प्रमाण दर हजार व्यक्ती-वर्षांमागे ०.९३ आढळले, सौम्य ते मध्यम दमा असलेल्यांमध्ये ०.३३, तर सर्वसाधारण लोकसंख्येत ०.१८. म्हणजे तीव्र दम्याच्या रुग्णांना धोका सुमारे पाचपट, तरीही हजारात वर्षाला एकापेक्षा कमी. या गुठळ्यांशी ज्या दोन गोष्टींचा संबंध दिसला त्या म्हणजे दम्याची तीव्रता आणि पोटातून घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या. या अभ्यासात फुफ्फुसातील गुठळीच्या घटना एकूण १९ च होत्या, त्यामुळे आकड्यांच्या दशांशांवर फार भर देऊ नये. परंतु दिशा पुरेशी स्पष्ट आहे, आणि तैवानमधील बऱ्याच मोठ्या पाहणीतही दमेकऱ्यांमध्ये हा धोका इतरांपेक्षा वाढलेला दिसला.

याचे कारणही आता बरेचसे उलगडले आहे. दमा हा श्वासनलिकांच्या दाहाचा आजार आहे, आणि दाह व रक्त गोठणे या शरीरातील दोन प्रक्रिया एकमेकींना चेतवतात. तीव्र दमेकऱ्यांच्या रक्तात गोठण्याची यंत्रणा थोडी जागी असल्याच्या खुणा सापडतात. त्यात स्टिरॉइडच्या गोळ्यांची भर पडली, की गोठण्यास मदत करणारी काही प्रथिने वाढतात आणि झालेली गुठळी विरघळवण्याची शरीराची क्षमता मंदावते. हे ऐकून आपले दीर लगेच म्हणतील, की इनहेलरमध्येही स्टिरॉइडच आहे. आहे, परंतु ते मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते, थेट श्वासनलिकेत जाते, आणि बुडेसोनाइडचा जो भाग घशावाटे पोटात जातो त्यातील सुमारे ९० टक्के भाग यकृत पहिल्याच फेरीत निष्प्रभ करते. मोठ्या मात्रेचे इनहेलर वर्षानुवर्षे घेतल्यास थोडेफार औषध रक्तात पोचते, हे मी नाकारत नाही, आणि म्हणूनच दमा आटोक्यात आल्यावर मात्रा कमी करत आणणे हा चांगल्या उपचाराचा भाग आहे. तो निर्णय मात्र तपासून घ्यायचा असतो. घाबरून घ्यायचा नसतो.

डेन्मार्कमधील एक अभ्यास आपल्या दिरांच्या बाजूने पुढे केला जाऊ शकतो, म्हणून त्याचाही उल्लेख करतो. तोही २०१३ सालचाच. शिरांत गुठळी झालेल्या ३८,७६५ रुग्णांची त्याच वयोगटातील इतरांशी तुलना केली असता स्टिरॉइडच्या गोळ्या नुकत्याच सुरू केलेल्यांमध्ये धोका सुमारे तिप्पट दिसला, आणि इनहेलरमधून स्टिरॉइड नुकतेच सुरू केलेल्यांमध्येही तो सुमारे दुप्पट दिसला. येथे ‘नुकतेच’ ही बाब फार महत्त्वाची आहे. ज्याच्या फुफ्फुसात लहान लहान गुठळ्या आधीच अडकू लागल्या आहेत, त्याला धाप लागते, खोकला येतो, तो डॉक्टरकडे जातो, दम्याची शंका घेतली जाते आणि इनहेलर हाती पडतो. काही दिवसांनी मोठी गुठळी सापडते, आणि कागदावर क्रम असा दिसतो, की आधी इनहेलर आणि मग गुठळी. वास्तविक गुठळी आधीची होती. सगळा दुप्पट धोका एवढ्याच कारणाने दिसला, असे मी म्हणणार नाही. परंतु नव्या इनहेलरबाबत ही शंका आधी दूर करावी लागते, आणि सहा वर्षे जुन्या इनहेलरला तर ती लागूच होत नाही.

दम्याच्या इनहेलरांवर आलेला प्रत्येक आळ खोटाच ठरतो, असाही समज करून घेऊ नये. साल्मेटेरॉल या श्वासनलिका दीर्घकाळ रुंद ठेवणाऱ्या, फॉर्मोटेरॉलच्याच गटातील औषधाविषयी शंका आल्याने अमेरिकेत १९९६ साली चाचणी सुरू झाली आणि २६,३५५ रुग्णांनंतर ती २००३ च्या सुरुवातीला थांबवावी लागली, कारण ते औषध घेणाऱ्यांमध्ये दम्याने १३ मृत्यू झाले आणि न घेणाऱ्यांमध्ये ३. औषधाच्या वेष्टनावर ठळक चौकटीतील इशारा छापला गेला. पुढे हेच औषध स्टिरॉइडसोबत एकाच इनहेलरमध्ये दिले तर काय होते, हे मोठ्या चाचण्यांतून तपासले गेले, जोडऔषध सुरक्षित आढळले आणि डिसेंबर २०१७ मध्ये जोडऔषधांवरील तो चौकटीतील इशारा काढण्यात आला. प्रश्न येथे गुठळीचा नव्हता, दम्याने होणाऱ्या मृत्यूंचा होता. पण संशय, तपास आणि निर्णय हा क्रम कसा असतो हे यावरून दिसते. स्टिरॉइडविना नुसत्या श्वासनलिका रुंदावणाऱ्या पंपावर दमेकऱ्याने अवलंबून राहू नये, असे आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात, त्यामागे अशाच अनुभवांचा मोठा वाटा आहे.

सासूबाईंच्या बाबतीत इनहेलर बंद केला तर काय होईल, याचा विचार करा. दमा पुन्हा उसळेल, पुन्हा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लागतील, पुन्हा अंथरूण धरावे लागेल, म्हणजे ज्या गोष्टींनी गुठळी झाली असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे त्याच पुन्हा ओढवून घेतल्यासारखे होईल. रक्त पातळ करणारी औषधे सामान्यतः किमान तीन महिने द्यावी लागतात, आणि पुढे किती काळ ते गुठळीचे कारण तात्पुरते होते की कायमचे यावर ठरते. या औषधांचा इनहेलरशी वाद नाही. मात्र त्या त्यांपैकी वॉरफेरिन ही गोळी घेत असतील, तर काही प्रतिजैविके आणि स्टिरॉइडच्या गोळ्या त्याचा परिणाम कमी-जास्त करतात, म्हणून सर्दी-खोकल्यासाठी दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यास रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे आधी सांगावे आणि आयएनआर ही रक्त किती पातळ झाले आहे हे दाखवणारी तपासणी वेळेवर करावी. यापुढे कधी झटका आला, रुग्णालयात राहावे लागले किंवा गुडघ्याची वगैरे शस्त्रक्रिया ठरली, तर पूर्वी गुठळी झाली होती हे डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगावे. त्या काळापुरते प्रतिबंधक इंजेक्शन द्यावे की नाही हे ते ठरवू शकतील. आणि घरात असताना त्यांना दिवसातून अनेकदा उठवून चालवावे. पाहुणे येऊन ‘पडून राहा, आराम करा’ असा प्रेमळ सल्ला देतात, तो या आजारात घातक ठरू शकतो.

प्रश्न : माझे वय २९. यापूर्वी मला कधी दमा नव्हता. महिन्यापूर्वी जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा ॲलर्जिक दमा असेल म्हणून इनहेलर दिला गेला. काहीच फरक नाही. गेल्या आठवड्यापासून डावी पोटरी दुखते व थोडी सुजलीही आहे. पाळी नियमित व्हावी म्हणून मी चार महिने हॉर्मोनच्या गोळ्या घेत आहे. इनहेलरमुळे गुठळ्या होतात असे वाचले. तो बंद केल्यास पोटरी बरी होईल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपले पत्र मिळताच आपल्याला दूरध्वनी करून त्याच दिवशी रुग्णालयात जाण्यास सांगितले होते, येथे उत्तर देत आहे ते इतरांसाठी. या पत्रात इनहेलर ही सर्वांत कमी काळजीची गोष्ट आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या शिरांतील गुठळीचा धोका वाढवतात, विशेषतः पहिल्या वर्षात. एकाच पायाची पोटरी सुजणे व दुखणे हे खोल शिरेतील गुठळीचे नेहमीचे लक्षण आहे. आणि पूर्वी दमा नसलेल्या तरुण व्यक्तीला नव्याने लागलेली, इनहेलरला दाद न देणारी धाप ही दम्याची मानण्यापूर्वी थांबून विचार करावा लागतो. दम्यात बहुधा छातीत घरघर ऐकू येते, त्रास रात्री किंवा पहाटे वाढतो, आणि श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यावर फुंकून करायच्या स्पायरोमेट्री चाचणीत सुधारणा दिसते. गुठळीत धाप अचानक येते, दीर्घ श्वास घेताना छातीत कळ येते, नाडी जलद चालते, कधी खोकल्यातून रक्त पडते, कधी भोवळ येते. पण हे सगळे एकत्र दिसेलच असे नाही, आणि बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९७ टक्के दिसला म्हणून गुठळी नाही असेही ठरत नाही. पायांची डॉपलर सोनोग्राफी, डी-डायमर ही रक्तचाचणी आणि गरज पडल्यास फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन यांवरून निदान होते. तोपर्यंत पोटरीला मालिश अजिबात करू नये. गोळ्या थांबवायच्या का, हेही त्याच भेटीत विचारावे.

प्रश्न : औषधाने त्रास झाला असे मला वाटते, पण डॉक्टरांनी नोंद केली नाही. सामान्य माणसाला नोंद करता येते का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येते. भारतात औषध-दक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि २०११ पासून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी नोंद सांगता येते. रुग्णांसाठीचा वेगळा नमुना अर्ज मराठीतही उपलब्ध आहे, आणि अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत, उदाहरणार्थ मुंबईच्या केईएममध्ये, यासाठी केंद्रे आहेत. औषधाचे नाव, वेष्टनावरील बॅच क्रमांक, ते कधी सुरू केले, त्रास कधी झाला, त्या काळात आणखी कोणती औषधे चालू होती आणि औषध थांबवल्यावर काय झाले, एवढे लिहावे. यातील तारखा सर्वांत मोलाच्या असतात. पहिल्या प्रश्नातील कुटुंबानेही, त्यांना वाटत असल्यास, नोंद जरूर करावी. इनहेलर चालू ठेवणे आणि नोंद करणे यांत विरोध नाही. फक्त प्रेडनिसोलोनच्या गोळ्या आणि तीन आठवड्यांची विश्रांती त्या अर्जातून वगळू नये.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. तीव्र दम्यासाठी मला ओमॅलिझुमॅबचे इंजेक्शन दिले जाते. त्यानेही गुठळ्या होतात का? — एक वाचक

उत्तर : या औषधाच्या बाबतीत गोष्ट अधिकृत माहितीपत्रकापर्यंत पोचली आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांचा, आणि त्यांच्यासोबत फुफ्फुसांतील व शिरांतील गुठळ्यांचा, किंचित वाढीव धोका दिसल्याचे त्यात नमूद करायला लावले. मात्र ज्या अभ्यासावरून हे ठरले त्यात इंजेक्शन घेणाऱ्यांचा दमा न घेणाऱ्यांपेक्षा अधिक तीव्र होता, म्हणून निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, असे प्रशासनानेच म्हटले आहे. या इंजेक्शनमुळे आपल्या स्टिरॉइडच्या गोळ्या कमी झाल्या असतील, तर तो लाभ बराच मोठा आहे. भारतात येता-जाता पंधरा-सोळा तासांच्या विमानप्रवासात मात्र मधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी पोटऱ्या हलवत राहावे, आणि पूर्वी गुठळी झाली असल्यास प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मला दमा आहे. गुठळी होऊ नये म्हणून रोज अर्धी ॲस्पिरिन घेतली तर चालेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. काही दमेकऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या नाकात मांसल गाठी वाढतात आणि वास येणे कमी झालेले असते त्यांना, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी अर्ध्या ते तीन तासांत जीवघेणा झटका येऊ शकतो. पूर्वी अंगदुखीची गोळी घेतल्यावर कधी दम वाढला असेल, तर ते आपल्या डॉक्टरांना सांगून केसपेपरवर ठळक लिहून घ्यावे.